सासूबाईंचा पगार

माझी बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपत आली तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न उभा होता. दोन बायकांपैकी कुणाचा पगार बंद होणार? माझा की सासूबाईंचा? घरात तिसराही एक पगार येत होता, माझ्या नवऱ्याचा. पण त्या पगाराचं नाव या प्रश्नात कुणी घेतलं नाही, त्यानं तर नाहीच.

मी परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्त घेते, तपासते, रिपोर्ट काढते. आम्ही लालबागला राहतो, त्यामुळे चालत जाते. नवरा वडाळ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. आणि सासूबाई तेव्हा लोअर परळच्या एका टॉवरमध्ये बाळ सांभाळायला जायच्या. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, रविवार सुट्टी, महिना अठरा हजार. टॉवर गिरणीच्या जागेवर उभा आहे. हे सांगितलं की लोक लगेच गहिवरून विचारतात, सासरे त्याच गिरणीत होते का? नव्हते. ते दुसऱ्या गिरणीत होते आणि तिच्या जागेवर अजून नुसतं गवत आहे. प्रत्येक गोष्ट एवढी जुळून येत नसते हो.

सासूबाईंनी आयुष्यात पहिला पगार घेतला तो पन्नाशी उलटल्यावर. त्याआधीही त्या कामच करत होत्या, पण त्याला पगार म्हणत नाहीत. आमच्याकडच्या मसाल्याच्या दुकानांतून मिरच्यांची पोती घरी यायची, देठं खुडून द्यायची, किलोवर पैसे. हातांची अशी आग व्हायची की स्वतःच्या मुलाला उचलायच्या आधी खोबरेल चोळून, दोनदा साबण लावून, मग त्याला हात लावायचा. ते पैसेही सासरे घ्यायचे आणि लागतील तसे मागून घ्यायला लागायचे. सासरे वाईट नव्हते. पण बाजाराला निघताना दारात उभं राहून मागायचं आणि त्यांनी खिशात हात घालून मोजून द्यायचं, हे सासूबाईंच्या एवढं डोक्यात बसलंय की अजूनही कुणी त्यांच्यासमोर पाकीट उघडलं की त्या दुसरीकडे बघतात.

सासरे गेले, मग चाळ पडून इमारत झाली, आणि त्याच सुमारास ओळखीतल्या एकीनं त्यांना टॉवरचं काम आणून दिलं. पहिल्या महिन्यात त्यांनी बँकेतून सगळाच्या सगळा पगार काढून आणला, देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत बँकेत भरून आल्या. नवरा म्हणाला, काय हा वेडेपणा. मला तेव्हा फार आवडल्या त्या.

तर प्रश्नाची सुरुवात लेकीच्या बारशालाच झाली होती. नवऱ्याची मावशी, म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, नायगावहून आली होती. घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की आता काय, आजी आहेच घरात, सुनेला कसली काळजी. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला खरोखरच तसंच वाटत होतं. टॉवरवाल्यांचं पोर सांभाळणारी बाई स्वतःचं नातवंड आल्यावर तिथं कशाला जाईल? सासूबाईंनी मात्र मिठाची गुळणी धरली होती. त्या घुगऱ्या वाढत राहिल्या.

त्या बोलल्या ते माझी रजा संपायला महिना राहिला तेव्हा. संध्याकाळची वेळ, नवरा नुकताच आलेला, सासूबाई विळीवर बांगडे साफ करत बसलेल्या. मी म्हटलं, आई, तिकडे नोटीस कधी देताय? सासूबाई माझ्याशी एरवी साधं मराठी बोलतात, टॉवरच्या वॉचमनशी हिंदी ठोकतात, पण मनातलं बाहेर पडायचं असलं की सरळ मालवणीत शिरतात. त्यांनी विळीवरून मान वर न करता विचारलं,

"थंय माका अठरा गावतत. हंय किती गावतले?"

म्हणजे तिथे मला अठरा मिळतात, इथे किती मिळतील.

नवऱ्याच्या हातातला चहा तसाच राहिला. मग तो जो उसळला! आई पगार मागते? मुलाकडे? नातीला मांडीवर घ्यायचे पैसे? लोक तोंडात शेण घालतील. आईच्या मायेचं मोल होतं का कधी? असं बरंच काही. सासूबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, बांगडे धुतले आणि मीठ-हळद लावून ठेवले. एवढंच म्हणाल्या की मी नाही म्हटलेलं नाही, किती ते विचारलं.

खरं सांगते, माझ्याही डोक्यात तिडीक गेली होती. नवऱ्यासारखी मायेबियेची नाही. माझा हिशोब साधा होता. इमारत झाली तेव्हा आम्ही जादा चौरस फूट विकत घेतले, त्याचा हप्ता माझ्या पगारातून जातो. वर मेंटेनन्स. हे गेल्यावर जे उरतं त्यातून अठरा काढले तर मी महिनाभर लोकांची रक्तं तपासायची ती कशासाठी? मनात म्हटलं, ठीक आहे, बाजार म्हणता ना, मग बाजारच बघू. मुंबईत बायांना काय तोटा आहे.

तोटा बायांना नव्हता. तोटा मला होता, ते पुढच्या दोन आठवड्यांत कळलं.

आधी एका ब्युरोत गेले. तिथल्या बाईनं माझं नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, आठ तास, बारा की चोवीस? प्रत्येकाचा दर वेगळा, वर ब्युरोचं कमिशन वेगळं. आठ तासांचा दर ऐकून मी म्हटलं, अहो, एवढा? ती म्हणाली, मॅडम, समोर टॉवर बघितलेत का किती झालेत ते? सगळ्यांना बाई पाहिजे, आणि बाई तीच आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मला तिचा राग आला.

मग आमच्या इमारतीतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. तिथं तिसऱ्या मजल्यावरच्या एकीनं मोठा मेसेज टाकला होता की कुणीही चौदाच्या वर देऊ नका, एकीनं दिले की सगळ्यांचं मार्केट बिघडतं. त्याखाली अंगठ्यांची रांग. मीही अंगठा दिला. आपण कांद्याचे भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांना नावं ठेवतो, आणि इथे बसून मी काय करत होते? पण ते तेव्हा सुचलं नाही, तेव्हा चौदाचा आकडा बघून बरं वाटलं होतं.

बाया बघायला सुरुवात केली. बघायला म्हणजे काय, त्याच मला बघायच्या. एकीनं लिफ्ट बंद पडते का ते विचारलं. एकीला एसी नसल्याचं कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे अशी मान हलवली की मीच ओशाळले. एक चांगली पोक्त बाई आली, लेकीला तिनं सहज घेतलं, लेकही गेली तिच्याकडे. मी मनात हुश्श केलं. तेवढ्यात तिनं विचारलं, सासू घरात असते का? सासू असेल तर ती दोन हजार जास्त घेते, कारण मग दोन मालकिणी होतात आणि दोघी उलटसुलट सांगतात. मी घाईनं म्हटलं, नाही नाही, सासूबाई कामाला जातात. कसलं काम, तिनं विचारलं. मी म्हटलं, मुलं सांभाळायचं.

बाईनं लेकीला हळूच माझ्याकडे परत दिलं. "मग तिलाच का नाही ठेवत?"

मी म्हटलं, "ती आम्हाला परवडत नाही."

ती हसली नाही. मान डोलावून म्हणाली, बरोबर आहे, अनुभवाची बाई महागच असते. जाताना ती सासूबाईंचा टॉवर कुठला, तिथे आणखी कुणाला बाई हवी आहे का, तेही विचारून गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसलं माझं चाललं होतं, फक्त काखेतला कळसा अठरा हजारांचा होता.

शेवटी नायगावची एक तरुण मुलगी ठरली. चौदा हजार. तेवढ्यासाठीही आमची ओढाताण होणार होती, पण ठरलं. बोलता बोलता कळलं की तिलाही दोन वर्षांचा मुलगा आहे. मी विचारलं, तू इथे आलीस की त्याला कोण बघणार? ती म्हणाली, माझी आई. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा. तिच्या आईला ती काय देते हे विचारायची मला गरज वाटली नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. माझी स्वतःची आई गिरगावात माझ्या भावाची दोन मुलं सांभाळते, फुकट, आणि वर भावजयीची बोलणी खाते की दूध उतू घालवलंत, मुलांना मोबाइल दिलात. आम्ही सगळ्या कामावर जाणाऱ्या बाया एकमेकींना पगार देतो-घेतो, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुणाची तरी आई फुकट बसलेली असते. त्या दिवशी हे पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं, आणि शिरल्यावर ते बाहेर निघेना.

मुलगी एक तारखेपासून येणार होती. आदल्या दिवशी तिचा मेसेज आला, ताई सॉरी, दुसरीकडे लागलं. तीन दिवसांनी ती मला आमच्याच लिफ्टमध्ये भेटली. कडेवर तिसऱ्या मजल्यावरचं बाळ. साडेपंधरा मिळतात म्हणाली, आणि बिचारी लाजली. तिचा मला राग नव्हता. पण तिसऱ्या मजल्यावरची ती, मार्केट बिघडू देऊ नका म्हणणारी, तिला मी ग्रुपवर असं काही लिहिलं असतं की इमारत हादरली असती. लिहिलं आणि पुसलं. एकाच गच्चीवर पापड वाळवायचे आहेत.

आता रजेचे मोजून थोडेच दिवस उरले होते. लॅबमधून फोन आला की वेळेवर हजर होणार ना, नाहीतर जागा भरायला लागेल. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. नवरा म्हणाला, सोड ना मग एखादं वर्ष. किती सहज म्हणाला! मी त्याला विचारलं, तू सोडतोस? तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेकीला घेऊन टॉवरवर गेले. घरात सासूबाईंशी एकटीनं बोलायची सोय नव्हती, नवरा असला की तो मायेवर यायचा. म्हटलं, तिथेच जाऊन हात जोडते. खाली नाव लिहून, फोटो काढून घेऊन त्यांनी मला वर सोडलं. दार स्वयंपाकाच्या बाईनं उघडलं आणि म्हणाली, आजींचा लंच चालू आहे.

आजींचा लंच. मी आत गेले तर सासूबाई बाल्कनीत वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पाय समोरच्या स्टुलावर. डबा खाऊन झालेला, मोबाइलवर कुठलंसं दशावतारी नाटक लावलेलं, आणि डोळे अर्धे मिटलेले. मी सून म्हणून आले त्याला आठ वर्षं झाली. त्यांना मी पाय वर करून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात दुपारी त्या बसल्या तरी कडेला बसतात, उठायच्या तयारीनं, आणि मांडीवर निवडायला काहीतरी असतंच. मी दारातच थांबले. त्यांना उठवू नये असं वाटलं.

पण लेकीनं आजीला बघितलं आणि ओरडली. त्या दचकल्या, मला बघून घाबरल्या, काय झालं, कोण पडलं? मी म्हटलं, कुणी नाही, तुमच्याशी बोलायला आले. लेकीला त्यांनी घेतलं. मी सगळं सांगितलं, ब्युरो, नायगावची मुलगी, लॅबचा फोन. म्हटलं, आई, अठरा मला जमत नाहीत, पण तुम्ही नाही आलात तर माझी नोकरी जाईल.

आमचं बोलणं ऐकून आतल्या खोलीतून सासूबाईंच्या मॅडम आल्या. कानाला हेडफोन, घरूनच ऑफिस चाललं होतं. पुण्याकडच्या, बोलणं अगदी स्वच्छ, मला अहोजाहो करणारं. त्यांना सगळं कळलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. मला म्हणाल्या, हे बघा, तुमची अडचण मला समजते, पण माझीही तीच आहे, माझं पुढच्या महिन्यात प्रमोशन आहे. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, आजी, मी वीस देते.

माझ्यासमोर! माझ्या सासूची बोली लावत होती ती, आणि मी तिथे पोर घेऊन उभी. अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच वेळी, खोटं का बोलू, आत कुठेतरी छातीही फुगली. आमच्या घरात जिला कुणी एक कप चहा आयता दिला नव्हता, तिच्यासाठी बाविसाव्या मजल्यावर भाव चढत होता.

सासूबाई मॅडमना म्हणाल्या, "थोडं थांबा मॅडम. माझा लंच आहे, आणि आमचं बोलणं चाललंय."

आणि मॅडम गेल्या की आत! मग सासूबाई माझ्याशी बोलल्या, हळू आवाजात, मालवणीत. म्हणाल्या की पैशाचं मी विचारलं ते विचारायलाच हवं होतं, हात पसरायचे दिवस मला परत नको आहेत. पण अडलंय ते तेवढ्यावर नाही.

"हंय सा वाजले की माका कोण थांब म्हणणा नाय. घरात सा कधी वाजतले, सांग माका."

इथे सहा वाजले की मला कोणी थांब म्हणत नाही. घरात सहा कधी वाजतील? मी डोळ्यांपुढे आणायला गेले की सासूबाई लेकीला सांभाळतायत, आणि दिसलं असं की सकाळी मी निघून जाते, संध्याकाळी दमून येते, सासूबाई लेकीला एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं कुकर लावतायत, रात्री लेक रडली तर आजीकडेच द्या, रविवारी आम्ही दोघं जरा जाऊन येतो, आजी आहेच. आजी आहेच! मावशीचं ते वाक्य मला तिथे बाल्कनीत कळलं.

मग त्यांनी अटी घातल्या. लेकीचा हात धरून, शांतपणे, अशा की जणू कधीच्या ठरवून ठेवल्या होत्या. पगार बारा हजार, तुला झेपेल एवढाच. साडेनऊ ते सहा. रविवार सुट्टी. सहाला मुलगा ऑफिसातून येतो, तेव्हापासून पोर त्याचं. स्वयंपाक यात धरायचा नाही. लाइटबिल आणि मासळी मी देते ते देत राहीन. आणि बारातले सहा मुलानं द्यायचे, पहिल्या तारखेला, स्वतःच्या हातानं माझ्या हातात. सहानंतर मी आजी, त्याआधी मी कामावर.

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. पण स्वभाव कुठे जातो? मी म्हटलं, दुपारचा भात तेवढा लावाल ना? त्या म्हणाल्या, पोरीच्या पेजेबरोबर होत असेल तर लावीन. मी म्हटलं, आणि कपडे? त्या म्हणाल्या, पोरीचे. आम्ही दोघी मासळी बाजारात उभ्या असल्यासारख्या घासाघीस करत होतो, आणि शेवटी दोघींनाही हसू आलं.

घरी नवऱ्याला हे सांगितल्यावर परत तेच, आईचे उपकार पैशानं फिटतात का? मी म्हटलं, नाही फिटत, कबूल, पण चौतीस वर्षांची थकबाकी आहे तुझ्याकडे, निदान सहा हजारांपासून सुरुवात तरी कर. दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही. पण त्यालाही ठाऊक होतं की दुसरा रस्ता म्हणजे माझा पगार बंद, आणि मग हप्ता कोण भरणार?

मी आणखी थोडे दिवस बिनपगारी रजा काढली, तोवर सासूबाईंनी टॉवरचा महिना पुरा केला. शेवटच्या दिवशी घरी येऊन सांगितलं की त्यांच्या जागी आलेली बाई वीस घेते. हे सांगताना त्या खूश होत्या. मी म्हटलं, तुमचे दोन हजार तिला मिळाले की! त्या म्हणाल्या, मिळू देत, जागेचा भाव तर वाढवून आले ना.

पहिल्या तारखेला नवऱ्यानं टीव्हीकडे बघत बघत नोटा पुढे केल्या. सासूबाई हात पुढे न करता उभ्या राहिल्या. तो वळून त्यांच्याकडे बघेपर्यंत तशाच. मग घेतल्या. मीही माझे सहा दिले. आणि खरं सांगायचं तर, मनातून मला वाटत होतं की त्या आता म्हणतील, राहू दे, पोरीच्या नावानं टाका. आयांनी असंच करायचं असतं ना. त्यांनी पदराच्या टोकानं कपाळ टिपलं, पैसे देवापुढे ठेवले आणि मग कपाटात ठेवून दिले. त्या महिन्यात त्यांनी स्वतःसाठी चांगली मऊ चप्पल घेतली.

रविवारी त्या मैत्रिणीबरोबर दादरला दुपारचं नाटक बघायला जायच्या. एका रविवारी लेक नुसती किरकिर करत होती, मला पाळी आलेली, कंबर मोडलेली, आणि या पावडर लावून निघाल्या. मी तोंडातून शब्द काढला नाही, पण भांडी अशी आपटली की शेजारणीनं विचारलं. त्या थांबल्या नाहीत. नवऱ्यानं लेकीला खांद्यावर टाकलं आणि इकडून तिकडे फिरवत झोपवलं. त्याला ते जमलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

मग गणपती आले. गणपतीत लालबागला राहणं म्हणजे काय ते लालबागकरांनाच विचारा. वर्षभर फोन न करणारे नातेवाईक रांगेला लागायच्या आधी पिशव्या आपल्याकडे टाकतात, आणि रांगेतून सुटले की जेवायला येतात. त्या दुपारी हॉलभर बायका होत्या. मी स्वयंपाकघरात वडे तळत होते, काळ्या वाटाण्यांची उसळ गॅसवर होती. सासूबाई वाढत होत्या. नायगावची मावशी मध्येच बसलेली. तिनं भर पंगतीत विचारलं, काय गो, सुनेकडून पगार घेतेस म्हणे?

बायका जेवायच्या थांबल्या. मी झारा हातात घेऊन उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, घेते की, काम करते तर घेणारच. मावशीनं डोळे बारीक केले आणि विचारलं, किती देते?

बारा म्हटलं असतं तर तिथे बसलेल्या प्रत्येकीला कळलं असतं की म्हातारीनं वीस मिळत असताना घरी आठचा तोटा घेतला, आणि सून एवढी चिकट की सासूला बाजारभावही देत नाही. दोघींचीही अब्रू जाणार होती, त्यांची बाई म्हणून आणि माझी सून म्हणून. कढईतला वडा करपत होता आणि मला तो काढायचं भान नव्हतं.

सासूबाई मावशीच्या ताटात उसळ वाढत म्हणाल्या, "वीस."

मावशीचा घास तसाच हातात राहिला. मग ती म्हणाली, अगोबाई. एवढंच. कोपऱ्यातल्या एकीनं हळूच विचारलं, तुमच्या इमारतीत आणखी कुणाला लागते का हो बाई?

बायका पिशव्या उचलून गेल्या. सासूबाई ताटं धुऊन पुसत होत्या, मी तेल गाळत होते. नवरा आत लेकीला झोपवत होता. मी विचारलं, "आई, वीस का सांगितलंत? खोटं कशाला बोलायचं, तेही गणपती बसलेले असताना?"

त्यांनी हातातलं ताट पुसून पुरं केलं.

"खोटा खंयचा? बाजारात माझो भाव वीसच आसा. तुका बारात दिलंय, तां तुझ्या-माझ्यातला."

खोटं कुठलं? बाजारात माझा भाव वीसच आहे, तुला बारात दिलं, ते तुझ्या-माझ्यातलं.

मी उरलेलं तेल चाळणीत ओतलं. बाई घरचीच आहे, तरी आपण दर महिन्याला तिला रोख बारा हजार देतो, याचा मला मनातून केवढा अभिमान होता. कुठे लॅबमध्ये विषय निघाला की मी तो सांगायचे, मैत्रिणी वा वा करायच्या. दर महिन्याला ती मला आठ हजार देत होती, ते मी कधी धरलंच नव्हतं.